कूलर, आई आणि जाळीचा हेडफोन

बुलढाणा जिल्ह्यात माणसाला गाव विचारतात त्याच दमात 'घाटावरचे की घाटाखालचे?' असंही विचारतात. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलं की हा प्रश्न अंगाला कळतो. बुलढाण्याचा वारा वरच राहतो आणि खाली एप्रिलपासून घरोघरी कूलर घुमू लागतात. हेडफोनच्या लेखात कूलर कुठून आला, असं वाटेल. पण भाच्यासाठी हेडफोन घेतल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त विचार त्या कूलरचाच करावा लागला.

भाचा कॉलेजात आहे. गाणी ऐकतो, त्याहून जास्त बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळतो. त्याच्याकडे कान गच्च झाकणारा, रेक्झिनच्या गाद्यांचा हेडफोन होता. त्याची तक्रार, की कान घामानं चिंब होतात. त्याच्या आईची तक्रार वेगळी : "हाका मारून मारून घसा बसला माझा, काहून ओ देत नाही रे?" दोन्ही तक्रारींना एकच औषध होतं. ज्याच्या वाट्यांना मागून झाकण नसून जाळी असते, तो ओपन-बॅक हेडफोन.

हेडफोनमधला पडदा थरथरतो तेव्हा आवाज कानाकडे जातो तसाच मागेही जातो. बंद वाटीत हा मागचा आवाज कोंडतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. मागे जाळी असेल तर तो सरळ बाहेर निघून जातो. गाणं डोक्यात कोंबल्यासारखं न वाटता थोडं बाहेर, मोकळ्यावर चाललंय असं वाटतं. याची किंमतही मोजावी लागते. अगदी खालचा, छातीत घुमणारा ठोका विरळ होतो. बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. रात्री शेजारच्या खोलीतल्या आजीनं "कोण गोळ्या झाडून राह्यलं?" असं विचारलं, तेव्हा हे आम्हाला नीटच समजलं.

ही चीज नवी नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनं 1968 साली एचडी 414 हा पिवळ्या स्पंजाचा हेडफोन काढला, तो या जातीचा मूळपुरुष. 1979 साली सोनीचा वॉकमन आला, त्यासोबतचा स्पंजवाला हलका हेडफोनही उघड्याच जातीचा. म्हणजे ज्यांनी तरुणपणी तसला स्पंज कानाला लावून कॅसेटी ऐकल्या, त्यांनी नाव न कळता ओपन-बॅकच वापरला. कॉसचा 1984चा पोर्टा प्रो तर अजून विकला जातो.

आता गाण्यांचं. मोकळेपणाचा लाभ प्रत्येक गाण्याला होतो, असं दुकानदार सांगेल. ते खरं नाही. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून गेलेलं गीतरामायण एकाच वाहिनीच्या काळातलं. दोन्ही कानांत तोच आवाज, त्यामुळे तो डोक्याच्या मधोमधच उभा राहणार. जाळीमुळे स्वर थोडा मोकळा होईल, पण वाद्यं डावी-उजवीकडे पांगणार नाहीत. उलट 'सैराट'च्या संगीतात अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करून घेतला होता. तिथं तंतुवाद्यं आपापल्या जागी बसलेली जाणवतात. पैसे टाकण्याआधी आपण बहुतेक वेळ काय ऐकतो, हे स्वतःला विचारून घ्यावं.

खेळात गणित सोपं आहे. पावलाचा आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानाला तो क्षणभर उशिरा आणि किंचित हळू पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. तो फरक खेळ स्वतःच दोन वाहिन्यांत भरून देतो. खोक्यावर 7.1 वाहिन्यांचा दावा असला तरी कान दोनच असतात. अशा बहुतेक हेडफोनांत बाकीची करामत सॉफ्टवेअरची असते. दणके थोडे कमी झाले की पावलं उघडी पडतात, म्हणून खेळणाऱ्यांना ओपन-बॅक आवडतो. मात्र तो वायरचा घ्यावा. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त मागे पडू शकतो. तोवर समोरच्यानं घोडा ओढलेला असतो. ओपन-बॅक हेडफोनांना बहुधा माइक नसतो, तो वेगळा लावावा लागतो.

मोताळ्याच्या काय, मलकापूरच्या दुकानातही आम्हाला कानात खोचायचे ब्लूटूथ बड्सच दिसले. म्हणजे न ऐकता, कुरिअरनं मागवणं आलं. परत करण्याची मुदत आधी वाचावी. एका विक्रेत्यानं पहिल्यांदा आम्हाला भलताच, बंद पाठीचा नग पाठवला होता.

नावं घ्यायची तर कमी पैशांत सुपरलक्स एचडी 681 आणि सॅमसन एसआर 850 ही अर्धउघडी मंडळी येतात. बांधणी तकलादू, पण आवाज किमतीहून चांगला. त्यावर फिलिप्सचा एसएचपी 9500. त्याचा रोध 32 ओम, म्हणजे साध्या मोबाइललाही झेपतो, आणि गाद्या कापडाच्या, घाटाखालच्या उन्हाला त्याच बऱ्या. हायफायमॅन एचई 400 एसईचा आवाज तपशिलाचा, पण तो जवळजवळ 400 ग्रॅम भरतो आणि मोबाइलवर मलूल वाटतो. त्याला वेगळा अॅम्प्लिफायर हवा. बायरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो 250 ओमचा. त्याची वरची पट्टी इतकी धारदार, की भजनातले टाळ कानाला टोचतात. पैसे साठले असतील तर सेनहायझरचा एचडी 560 एस, आणि मग तिथंच थांबावं. मोबाइलला गोल छिद्रच नसेल तर यूएसबी-सीचा छोटा डोंगल लागतो, तो हिशेबात धरा.

आम्ही फिलिप्स घेतला. दसऱ्यानंतर कूलर माळ्यावर गेले, रात्री गाव निजलं की त्याचा आवाज असा खुलायचा की भाचा गेम सोडून गाणी ऐकत बसायचा. एप्रिलमध्ये कूलर पुन्हा खिडकीत आला आणि पंचाईत झाली. पंख्याची घरघर जाळीतून थेट कानात, म्हणून त्यानं आवाज वाढवला. इथं मी जोर धरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. 90 डेसिबलला तीच मुभा चार तासांवर येते. कूलरवर मात करायला आवाज चढवणं म्हणजे हे तास भराभर उधळणं.

शेवटी वर्षाचीच वाटणी झाली. कूलर सुरू असेतो जुना रेक्झिनचा, घाम पुसत, दर अर्ध्या तासानं काढून ठेवत; दसऱ्यापासून होळीपर्यंत जाळीचा. त्या पाच महिन्यांत आईला एकाच हाकेत ओ मिळते. उरलेल्या महिन्यांत ती सरळ जाऊन कूलरचं बटण बंद करते.