पावाची भट्टी आणि पऱ्हाटीची चूल

मुंबईला पाहुणी म्हणून गेलेल्या बहुतेकींनी तिथल्या बेकरीतला गरम पाव खाल्लेला असेल. लाकडाच्या आचेवर भट्टीच्या विटा तापतात आणि पावाला ती खरपूस पाठ येते. तर मैत्रिणींनो, त्या लाकडावरच आता गदा आली आहे. हवा बिघडल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी सांगितले, की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसरे स्वच्छ इंधन घ्यावे. भट्टी बदलायची म्हणजे खर्च आलाच! काही बेकरीवाले मुदत वाढवून मागायला कोर्टातही गेले.

तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या पाववाल्याच्याच मागे का? पण बांधकामवाल्यांनाही सोडलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्येच महापालिकेने नियम काढले होते. सत्तर मीटरहून उंच इमारत बांधायची, तर भोवती पस्तीस फूट पत्रे लावा, धूळ उडू नये म्हणून पाणी फवारा. आणि भट्टीतले लाकूड तरी कुठले? स्वस्त पडते म्हणून पुष्कळदा मोडक्या दारा-खिडक्यांचे, जुन्या फर्निचरचे. त्यावरचा रंग नि पॉलिश जळले, की धूर अधिकच वाईट.

या धुरातले सर्वांत बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे असतात, म्हणून ते थेट फुप्फुसात उतरतात. एक घनमीटर हवेत ते वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असे आपल्या देशाने २००९ मध्ये ठरवले. जागतिक आरोग्य संघटना आधी १० म्हणत होती, २०२१ मध्ये ती ५ वर आली. मोजणारे दिवसेंदिवस कडक होत चालले आहेत, आणि ते बरेच आहे.

आमचे धनज म्हणजे कापूस-तुरीचा मुलूख. जवळची अकोला, अमरावती ही शहरे केंद्राच्या २०१९ च्या शुद्ध हवा कार्यक्रमात आहेत. तिथली हवा मोजली जाते. पण पऱ्हाटीचा नि तुराट्यांचा धूर ओढणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात कोण मोजायला येणार? पुष्कळ घरी गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी नि भाकरी चुलीवरच. कारण काय, तर "सिलिंडर पुरवून वापर." पऱ्हाटी शेतातून फुकट येते ना! खोकल्याच्या औषधाचे पैसे मात्र कुणी त्या हिशेबात धरत नाही. पाववाल्याला निदान कोर्टात जाऊन मुदत तरी मागता आली.

घरात हा हिशेब एकदा कागदावर मांडून दाखवावा, असे मला वाटते. तोवर पाण्याची चूल घराबाहेर, मोकळ्या पडवीत न्या. काडी चांगली वाळलेली घाला, ओली फार धुमसते. पातेल्यावर झाकण ठेवले की पाणी लवकर तापते. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. आणि फुंकणी मारायला लेकीला बसवू नका.