मस्तकावरील विजेचा सौम्य प्रवाह

मनोविकारावर विजेचा उपचार करूं, असें डॉक्टरांनीं म्हटलें कीं घरांतील वडील मंडळींच्या काळजांत धस्स होतें. आमच्या पनवेलींतही ‘शॉक’ हा शब्द अद्यापि दबक्या आवाजांतच उच्चारला जातो. परंतु विजेच्या उपचारांत आतां दोन अगदीं भिन्न प्रकार झाले असून त्यांतील भेद प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावा, असें आम्हांस वाटतें.

पहिला प्रकार १९३८ सालीं रोम येथें चेर्लेत्ती व बिनी यांनीं सुरू केला. त्यांत कित्येक शेंकडे मिलिअँपिअरांच्या प्रवाहानें मेंदूंत मुद्दाम आंचका उत्पन्न करितात. तीव्र विषण्णतेंत तो आजही गुणकारी ठरतो. भूल व स्नायु शिथिल करणारें औषध दिल्याविना तो करूं नये, असा आपल्याकडील २०१७ च्या कायद्याचा निर्बंध आहे. चित्रपटांतील देखाव्यांवरून त्याची पारख करणें हा अन्यायच होय.

दुसऱ्या प्रकारांत मिठाच्या पाण्यांत भिजविलेले दोन स्पंज मस्तकावर बांधून एक ते दोन मिलिअँपिअर इतकाच प्रवाह सुमारें वीस मिनिटें सोडतात. रुग्ण जागा असतो; त्वचेस थोडी चुणचुण होते, इतकेंच. या प्रवाहानें आंचका येत नाहीं. मज्जापेशींची उद्दीपित होण्याची प्रवृत्ति तेवढी कमीअधिक होते. गटिंगेन येथील निट्शे व पाउलुस यांनीं २००० सालीं हें प्रयोगानें दाखविलें.

आतां यानें गुण येतो काय? येथें ‘काकतालीय’ न्यायाचें स्मरण ठेवावें. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढ्यावरून कावळ्यास श्रेय देतां येत नाहीं. म्हणून संशोधक निम्म्या रुग्णांस लटका प्रवाह देतात: आरंभीं क्षणभर चुणचुण होते, मग यंत्र गुपचूप थांबतें. खरा प्रवाह कोणास मिळाला, हें रुग्णासही ठाऊक नसतें आणि गुण तपासणाऱ्यासही नाहीं. बंगळूरच्या निमहान्स संस्थेंत, औषधें घेऊनही कानीं आवाज येणें न थांबलेल्या २५ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतांत खऱ्या प्रवाहाचा गट सरस ठरला. रुग्णसंख्या थोडी, हें मात्र विसरूं नये.

विषण्णतेच्या बाबतींत निकाल परस्परांशीं जुळत नाहींत. २०१७ सालच्या ब्राझीलमधील २४५ रुग्णांच्या प्रयोगांत प्रवाह लटक्याहून सरस निघाला, परंतु औषधाच्या तोडीचा आहे असें सिद्ध झालें नाहीं. २०२३ सालीं जर्मनींत १६० रुग्णांस औषधासह तो दिला, तेव्हां खऱ्या व लटक्या प्रवाहांत फरकच दिसेना! उलट २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंड-अमेरिकेंतील १७४ रुग्णांनीं घरींच केलेल्या दहा आठवड्यांच्या उपचारांत खरा प्रवाह पुन्हां वरचढ ठरला.

हा ‘घरींच’ शब्द आम्हांस काळजींत टाकतो. कुटुंबांतील मनोविकार शेजाऱ्यांपासून लपविण्याची आपली संवय जुनी. त्यांत यंत्र विकत मिळूं लागलें, म्हणजे डॉक्टरांचा उंबरठाही नको, असें एखाद्या यजमानास वाटावयाचें. परंतु त्या घरगुती प्रयोगांतही रुग्णांवर संशोधकांची दुरून देखरेख होती, आणि बंगळूरच्या रुग्णांचीं औषधें बंद केलेलीं नव्हतीं. ज्यास अपस्मार आहे किंवा ज्याच्या डोक्यांत शस्त्रक्रियेनें धातूचा तुकडा बसविला आहे, त्यानें तर तें डॉक्टरांस सांगितल्यावांचून अशा यंत्रास हातही लावूं नये.