शोगीच्या पटावरून जपानी भाषेकडे

चतुरंगाच्याच वंशातील, परंतु जिंकलेली मोहरी आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरविण्याची मुभा देणाऱ्या शोगी या जपानी बुद्धिबळाचा ज्यास छंद जडला, त्याला जुन्या डावांच्या नोंदी मूळ स्वरूपात वाचण्याच्या ओढीने जपानी लिपीकडे वळावेच लागते. आणि हा मार्ग, माझ्या मते, अत्यंत सुगम व आनंददायक आहे. ८१ घरांच्या या पटावर उभ्या रांगा उजवीकडून डावीकडे नेहमीच्या अंकांनी, तर आडव्या रांगा वरून खाली कांजी या शब्दचिन्हांनी मोजण्याचा प्रघात असल्यामुळे एक ते नऊ या संख्यांची चिन्हे सहज अंगवळणी पडतात. शिवाय पंचकोनी लाकडी मोहऱ्यांवर राजा, सोने, रुपे, घोडा, गाडी यांची चिन्हे रेखलेली असतातच. नवशिक्याने मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये. डावावरील भाष्याचा मजकूर उलगडण्यासाठी हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमालांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे प्रथम हस्तगत करावी, आणि सर्वसाधारण व्यवहारासाठी सरकारने मुक्रर केलेल्या २१३६ कांजींची चिंता खुशाल पुढे ढकलावी. क्रियापद वाक्याच्या अंती येणे व संबंधदर्शक प्रत्यय नामाच्या पाठीमागे लागणे ही व्यवस्था मराठी भाषकास परकी नसल्याने, वाक्यरचनेचा अडसर त्याला फारसा जाणवत नाही.