कोरलेलं नाव

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. निमगाव केतकीहून पहाटेच निघावं. गंजक्या पान्यांच्या ढिगात शाईपेन दिसलं, तर चकाकीला भुलू नये, निबचं टोक पाहावं. टोकावरचा कठीण धातूचा मणी झिजला असेल, तर सोन्याची निबही कागद खरवडते. आतली रबरी पिशवी कडक झालेली असली तरी बदलता येते. १९४१ साली आलेलं ‘पार्कर ५१’ सगळेच मागतात. मी मात्र नाव कोरलेली देशी पेनं शोधतो. बँकेत आयुष्यभर सह्या पडताळल्या. नाव दिसलं, की सही कशी असेल हा चाळा सुटत नाही. एबोनाइटचा रंग गरम पाण्यानं बिघडतो, म्हणून पेन गार पाण्यात ठेवतो. कुणाची तरी वाळलेली निळी शाई हळूहळू सुटू लागते. ते पाणी चटकन ओतून देववत नाही.