विश्लेषण : लहान मुलांना ‘थांबणे’ शिकवता येते का? चित्रपुस्तके त्यात किती उपयोगी?

संध्याकाळचे साडेसात. काल्हेरमधल्या एखाद्या इमारतीत चार वर्षांचे मूल दाराशी उभे आहे. ‘बाबा दहा मिनिटांत येतोय’ असे फोनवर ऐकून अर्धा तास होऊन गेला. बाबा कशेळीच्या पुलाजवळ, गोदामांकडे निघालेल्या ट्रकच्या रांगेत अडकलेला. आई नुकतीच ठाण्याहून कामावरून आलेली, कुकर लावायचा आहे. मूल रडू लागते, चप्पल भिरकावते. मग घरातला सगळ्यांत सोपा उपाय पुढे येतो, मोबाइल. रडणे थांबते. पण मूल थांबायला शिकते का? आणि ते शिकवायचे असेल तर दहा मिनिटांचे एखादे चित्रपुस्तक काय करू शकते, याचा हा आढावा.

आत्मसंयम म्हणजे नेमके काय?

आत्मसंयम म्हणजे मोठ्यांचे मुकाट्याने ऐकणे नव्हे. मनात आलेली पहिली कृती रोखणे, सूचना लक्षात ठेवणे आणि प्रसंग बदलला की वागणे बदलणे, या तीन क्षमता त्यात एकत्र काम करतात. मानसशास्त्रज्ञ त्यांना ‘कार्यकारी क्षमता’ म्हणतात. मेंदूचा जो पुढचा भाग या क्षमता सांभाळतो, तो सर्वांत उशिरा, म्हणजे विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. गाडीच्या भाषेत सांगायचे तर लहान मुलाकडे अॅक्सिलरेटर पहिल्या दिवसापासून असतो, ब्रेक मात्र हळूहळू बसवले जातात. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाने हॉटेलात अर्धा तास शांत बसावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. तीन ते सात या वयात मात्र ही क्षमता झपाट्याने वाढते.

तिचे महत्त्व किती? न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास वर्षानुवर्षे सुरू आहे. लहानपणी ज्यांचा आत्मसंयम चांगला होता, त्यांचे आरोग्य आणि आर्थिक स्थिती वयाच्या ३२ व्या वर्षी सरासरीने अधिक चांगली असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

मार्शमेलोचा प्रसिद्ध प्रयोग काय सांगतो?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोग सुरू केले. मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, ‘आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन.’ जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात सरस ठरली, हा त्याचा लोकप्रिय झालेला अर्थ. पण २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हा संबंध पुन्हा तपासला. तो मुळात कमी निघाला आणि कुटुंबाची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी खूपच आक्रसला. म्हणजे एका खाऊवरून मुलाचे भविष्य सांगता येत नाही.

मिशेल यांच्या कामाचा कमी चर्चिला गेलेला भाग पालकांना जास्त उपयोगी आहे. मुले थांबतात ती कशी, हे त्यांनी पाहिले. खाऊकडे टक लावून बसलेली मुले लवकर हरली. गाणी म्हणणारी, खेळ शोधणारी, दुसऱ्याच गोष्टीचा विचार करणारी मुले जास्त वेळ टिकली. पुढच्या प्रयोगांत समोर खऱ्या खाऊऐवजी त्याचे चित्र दाखवले, किंवा ‘हे फक्त चित्र आहे असे समज’ असे सांगितले, तेव्हाही मुले अधिक वेळ थांबू शकली. खरी वस्तू ओढून घेते. चित्र तिच्याबद्दल विचार करायला जागा देते. चित्रपुस्तकाच्या उपयोगाचे एक सूत्र इथे सापडते.

मग काही मुले थांबतच का नाहीत?

याचे एक उत्तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात मिळते. त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. चित्र काढायला साधे साहित्य देऊन ‘थांबा, याहून चांगले आणून देते’ असे दोन्ही गटांना सांगितले. एका गटाला ते खरेच मिळाले. दुसऱ्याला ‘सॉरी, नाहीये’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर खाऊचा प्रयोग केला. शब्द पाळलेल्या गटातली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, शब्द मोडलेल्या गटातली सुमारे तीन मिनिटे.

म्हणजे न थांबणारे मूल हट्टीच असते असे नाही. ‘थांबून काही मिळत नाही’ हा त्याचा अनुभवातून आलेला हिशेब असू शकतो. काल्हेर, कशेळी, पूर्णा, अंजूरफाटा या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावायला नको. ट्रॅफिकमुळे ‘दहा मिनिटांत’चा तास होतो. चूक बाबाची नसते, पण मुलाच्या खात्यात जमा होतो तो मोडलेला शब्दच.

चित्रपुस्तकाचा यात काय संबंध?

पहिली गोष्ट, पान उलटणे हाच थांबण्याचा सराव आहे. पुढे काय होणार याची उत्सुकता आहे, पण या पानावरचे चित्र पाहून संपल्याशिवाय पुढे जायचे नाही. ही प्रतीक्षा छोटी असते आणि प्रत्येक वेळी तिचे फळ मिळते. मोबाइलवरच्या व्हिडीओत पुढचे दृश्य आपोआप येते. मुलाला वाट पाहावीच लागत नाही.

दुसरी, भावनेला नाव मिळते. ‘हिच्या भुवया बघ, हिला काय झाले असेल?’ या प्रश्नातून राग, हेवा, कंटाळा, भीती हे शब्द मुलाच्या तोंडी येतात. पोटात काय चालले आहे ते सांगता आले की हात उगारण्याची गरज कमी होते. लहान मुलांची शब्दसंपत्ती आणि स्वतःला आवरण्याची क्षमता यांचा संबंध संशोधनातही दिसला आहे.

तिसरी, मूल पात्र होऊन पाहते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार व सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचे कंटाळवाणे काम दिले. शेजारी टॅबवर गेम ठेवला. ज्यांना बॅटमॅनसारखे आवडते पात्र होऊन काम करायला सांगितले, ती मुले कामाला सर्वाधिक चिकटून राहिली. स्वतःकडे थोडे लांबून पाहता आले की ओढ सैल होते, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.

वाचताना पाळी पाळणे कसे शिकवतात?

एलेना बोड्रोव्हा आणि डेबोरा लिओंग यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या ‘टूल्स ऑफ द माइंड’ या बालवाडी कार्यक्रमातील एक पद्धत घरीही सहज करता येते. दोन मुले समोरासमोर बसतात. एकाच्या हातात ओठांचे चित्र, दुसऱ्याच्या हातात कानाचे. ओठवाला पुस्तकातली चित्रे पाहून गोष्ट सांगतो. कानवाला ऐकतो, कारण कान बोलत नाहीत. मग चित्रांची अदलाबदल होते. ‘गप्प बस’ असे कोणी ओरडत नाही. ती आठवण हातातले चित्र देते. काही महिन्यांनी चित्राची गरज उरत नाही.

या कार्यक्रमातील मुले आत्मसंयमाच्या चाचण्यांत पुढे असल्याचे अॅडेल डायमंड यांच्या २००७ मधील अभ्यासात दिसले. नंतरच्या सर्व अभ्यासांत मात्र तसे चित्र आले नाही. काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी नाही. पद्धत चांगली असूनही ती रोज, नेमाने राबवणे अवघड असते.

कोणतीही बोधकथा चालते का?

नाही. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या कांग ली यांच्या गटाने २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना प्रामाणिकपणाच्या गोष्टी वाचून दाखवल्या. लांडगा आला रे आला किंवा पिनोकिओ या खोटे बोलल्यावर शिक्षा होणाऱ्या गोष्टींचा परिणाम झाला नाही. खरे बोलल्याबद्दल कौतुक झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा झाला. याच विद्यापीठातील दुसऱ्या प्रयोगात खाऊ-खेळणी वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या पात्रांतून सांगितली तेव्हा मुलांनी अधिक वाटून घेतले. तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची असताना तसे झाले नाही.

हे प्रयोग प्रामाणिकपणा आणि वाटून घेण्याबद्दल होते, संयमाबद्दल नव्हते. तरी पुस्तक निवडताना दोन गोष्टी ध्यानात ठेवता येतात. पात्र आपल्या मुलासारखे, आपल्यासारख्या घरातले असावे. आणि गोष्ट ‘आगाऊपणा केला, शिक्षा झाली’ इथे संपण्याऐवजी पात्राने स्वतःला कसे सावरले हे दाखवणारी असावी.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

अजिबात नाही, आणि ठाणे जिल्ह्याला तर नाहीच. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडला गेले. दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून पालघरमध्ये आहेत. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, ही ‘अंगणवाडी’ची कल्पना तिथलीच. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरून त्यांनी माँटेसरी पद्धत गावात रुजवली. या पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. सगळी मुले आवाज न करता बसतात, बाई खोलीच्या टोकाहून कुजबुजत एकेकाचे नाव घेतात आणि आपले नाव येईपर्यंत प्रत्येक जण थांबतो. आत्मसंयमाचा याहून स्वस्त धडा सापडणे कठीण.

आपल्या घरातले खेळही तेच करतात. ‘चिमणी उड, कावळा उड’ म्हणता म्हणता ‘म्हैस उड’ आले की बोट रोखायचे, तळ्यात-मळ्यात करताना चुकीची उडी आवरायची, स्टॅच्यू म्हटल्यावर हलायचे नाही. गोष्टींतही हे आहे. भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीचा वाघ जास्त मोठ्या घासाच्या आशेने थांबतो आणि फसतो. हा मिशेल यांच्या प्रयोगाचाच उलटा पेच. चिऊताईच्या दाराबाहेर कावळ्याला वाट पाहावी लागते, तेव्हा ऐकणारे मूलही प्रत्येक वेळी त्याच्यासोबत थांबते.

पुस्तके कोणती, कोणत्या भाषेत?

माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘यश’ मालिका यांसारखी पुस्तके मराठी घरातल्या लहान मुलांच्या रोजच्या जगण्यातून येतात. बालसाहित्यासाठी त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके मोफत वाचता येतात, छापूनही घेता येतात.

भिवंडी परिसरात भाषेचा प्रश्न महत्त्वाचा. इथे आगरी, मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी बोलणारी घरे एकाच रस्त्यावर आहेत. मूल ज्या भाषेत रडते, त्याच भाषेत गोष्ट सांगावी. इंग्रजी पुस्तक हवेच असे नाही. वाचता न येणारी आजीही चित्रे पाहून गोष्ट सांगू शकते. शब्द नसलेली चित्रपुस्तके तर त्यासाठीच असतात.

घरी काय करता येईल?

• रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे. नवे पुस्तक रोज नको. तेच पुस्तक मूल पुन्हा मागत असेल तर पुन्हा वाचावे.

• मधेच थांबून विचारावे, ‘आता ही काय करेल?’ मुलाचे उत्तर चुकीचे ठरवू नये.

• मूल आकांत करत असताना पुस्तक काढू नये. आधी जवळ घ्यावे, शांत होऊ द्यावे. गोष्टीची आठवण नंतर.

• ‘बघ तो किती शहाणा, नाहीतर तू!’ हे वाक्य टाळावे. त्या क्षणी पुस्तक शिक्षा होते.

• गोष्टीतली युक्ती घरात आणावी : दहा अंक मोजणे, फुंकर घालणे, उशी दाबणे, ‘मला राग आलाय’ असे म्हणणे.

• दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितके बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले आहे. वाचनाची दहा मिनिटे त्याच वेळातून काढता येतील.

एवढ्याने पुरेल का?

पुस्तक म्हणजे गोळी नव्हे. भूक, अपुरी झोप, घरातले भांडण यांपुढे कोणतेही चित्र टिकत नाही. मूल सतत स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, बोलणे फार उशिरा येत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवे. आणि ज्या घरात मोठेच रागावून हात उगारतात, तिथे संयमाचे पुस्तक मुलाला खोटेच वाटणार.

किड यांच्या प्रयोगातून निघणारा धडा मात्र आजपासून अमलात आणता येतो. रस्त्यात अडकला असाल तर ‘दहा मिनिटांत’ म्हणू नका. ‘उशीर होईल, तू जेवून घे, झोपताना एक गोष्ट नक्की’ असे म्हणा. मग रात्री दहा वाजता, कितीही थकला असलात तरी, ती एक गोष्ट वाचा. वाट पाहिली की ठरलेले मिळते, हे मुलाला पुस्तकातल्या पात्राआधी तुमच्याकडून कळते.