कारभार सुधारण्याची किल्ली: माहिती अधिकार

भ्रष्टाचार रोखायचा तर सरकारी दप्तर जनतेपुढे उघडे हवे, या मागणीसाठी राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन आणि महाराष्ट्रात अण्णा हजारे लढले. महाराष्ट्रात २००२ मध्ये, तर देशात २००५ मध्ये माहिती अधिकार कायदा झाला.

चंदगड तालुक्यातला एखादा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, तर संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे या कायद्याखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलांच्या प्रती मागा. पुस्तिकेतली रुंदी-जाडी जागेवर टेप लावून पडताळता येते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील, नंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. पैसा आपला आहे. हिशेब मागायलाच हवा.