झुबिनच्या आधीचे मेहता

‘झुबिन मेहतांच्या वडिलांवर लिहा,’ एवढाच संपादकांचा निरोप होता. मेहली मेहतांची ओळख बहुतेकदा अशीच करून दिली जाते. मुंबईत जन्मलेल्या या माणसाने जवळजवळ आयुष्यभर वाद्यवृंद उभे केले, चालवले, शिकवले. आणि त्याचं नाव निघतं ते संचालक मुलाचं बोट धरून.

सनावळी आधी उरकतो. जन्म १९०८. व्हायोलिन बरंचसं स्वतःच्या जिद्दीवर शिकलेले, आदर्श याशा हायफेट्झचा. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. तेव्हा छडी ज्यूल्स क्रेन यांच्या हाती होती आणि मेहली पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत. पुढे संचालनही तेच करू लागले. महायुद्ध संपताच न्यूयॉर्कला जाऊन ते इव्हान गॅलामियनकडे शिकले. १९५५ साली मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, १९५९ साली फिलाडेल्फियातलं कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट, १९६४ साली लॉस एंजेलिस. तिथे विद्यापीठाचा वाद्यवृंद सांभाळताना त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिंफनी काढली आणि १९९८पर्यंत, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत चालवली. २००२ साली ते गेले.

या यादीत माझं लक्ष गॅलामियनच्या नावावर अडलं. इट्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन यांचा हा गुरू उजव्या हातासाठी, म्हणजे गजासाठी, प्रसिद्ध होता. आपल्याकडे वादकाची तयारी ऐकताना बोटांकडे पाहायची सवय असते. वाद्यवृंदात मात्र खरी भानगड गजाची.

ती पाहायला मुंबईत एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरात एका मैफलीला मी मुद्दाम बाजूची जागा घेतली, संचालकाकडे न पाहता व्हायोलिनच्या रांगा पाहायच्या म्हणून. दोघांत एक स्टँड. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक थांबून उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. सगळ्यांचे गज एकदम खाली, एकदम वर. हे दिसायला छान असलं, तरी दिसण्यासाठी केलेलं नसतं. मुठीकडून खाली ओढलेल्या गजाला वजन असतं, टोकाकडून वर नेलेल्याला ते मुद्दाम द्यावं लागतं. सोळापैकी चौघांनी जोराच्या मात्रेवर गज उलटा नेला तर स्वर तोच राहील, पण त्याची कड बोथट होईल. म्हणून कुठे खाली, कुठे वर, किती स्वर एका ओढीत, हे पहिल्या खुर्चीतला वादक आधी ठरवतो. तळ नसलेला चौकोन म्हणजे खाली, व्हीसारखी खूण म्हणजे वर. खुणा पेन्सिलीनेच करायच्या, कारण तालमीत संचालकाचं मत बदलतं. मग पहिला स्टँड खाडाखोड करतो, मागचा त्याचं पाहून करतो, आणि बदल रांगेरांगेने मागे सरकत जातो.

आपला शास्त्रीय संगीतातला व्हायोलिनवादक मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून बसतो. गज कधी फिरवायचा ते त्याची गायकी ठरवते. कुणाला विचारायचं कारण नाही. मुंबईत वाद्यवृंद उभा करणाऱ्याला म्हणूनच आधी लागत होती ती कागदावरचं वाचणारी माणसं. ती आली गोव्यातून. पोर्तुगीज राजवटीतल्या पॅरिश शाळांत चर्चच्या गायनासाठी पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तीच पोरं मुंबईला येऊन हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओत पोट भरत. मेहलींच्या वाद्यवृंदात हे गोवेकर, सोबत पारशी हौशी मंडळी, काही युरोपीय, आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधले लोक. घरच्या दिवाणखान्यातही तालमी चालत. झुबिनच्या कानावर सिंफन्या पडल्या त्या अशा, तुकड्यातुकड्यांनी.

मला विचाराल तर त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात धाडसाचं पाऊल मँचेस्टरचं. सत्तेचाळिशीला आलेला, स्वतःच्या वाद्यवृंदाचा धनी असलेला माणूस हॅलेचा संचालक जॉन बार्बिरोली याच्या छडीखाली दुसऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला. रोजच्या रोज वाजवणारा पगारी वाद्यवृंद कसा चालतो, हे मुंबईत कळायची सोय नव्हती. लॉस एंजेलिसच्या पोरांना पुढे जे मिळालं, त्यात या रांगेत बसण्याचा वाटा मोठा असणार. त्यांच्या यूथ सिंफनीतून गेलेले वादक आज अमेरिकेतल्या नावाजलेल्या वाद्यवृंदांत आहेत. आणि कार्यक्रम फुकट असत.

ती संस्था २०२४ साली बंद झाली. कारण पैसा. लॉस एंजेलिससारख्या श्रीमंत शहरात हे होतं म्हटल्यावर मुंबईचा हिशेब मांडायला धीर होत नाही.

मुंबईला व्यावसायिक वाद्यवृंद मिळाला तो २००६ साली, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो उभा केला. वादकही मोठ्या संख्येने बाहेरूनच आणावे लागले. टीका करणं सोपं आहे, पण मेहलींना १९३५ साली नडलेली अडचण जागची हललेली नाही. एनसीपीएत मुलांचं संगीत शिक्षण सुरू आहे, मेहलींच्या नावाचं फाउंडेशन १९९५पासून मुंबईत काम करतं. सातव्या-आठव्या वर्षी व्हायोलिन हाती घेतलेलं मूल रांगेत बसण्याजोगं व्हायला बारा-पंधरा वर्षं सहज जातात, आणि त्या वर्षांच्या बरोबर मधोमध दहावी येते. क्लास लागतो, व्हायोलिन ‘परीक्षेपुरतं’ कपाटात जातं. तिथून ते परत निघालं, तरी पुढे पगाराच्या खुर्च्या किती, हे आईबाप विचारणारच. आणि त्यांचं काही चुकत नाही.

व्हायोलिनला निदान शिक्षक मिळतो. ओबो आणि बसून या फुंकवाद्यांचं दुखणं याहून जुनं. त्यांच्या दुहेरी जिभल्या बोरूच्या. सराईत ओबोवादक त्या स्वतः तासतो, दोऱ्याने बांधतो, हवेत ओल वाढली की पुन्हा खरवडतो. हे काम पुस्तकातून येत नाही, शेजारी बसून शिकावं लागतं. त्या शेजारच्या माणसाला मुंबईत वर्षभर राहायचं कारण हवं, म्हणजे शिष्य हवेत. आणि शिकवणारा दिसल्याशिवाय कोणते आईबाप दहा वर्षांच्या मुलाला ओबो घेऊन देतील?